लाल झाकणाचा डबा

माणसाच्या पूर्वजांविषयी मी काही लिहावं, एवढी माझी तयारी नाही. आफ्रिकेत मी कधी गेलो नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, पण चढून कुठे पोचलो, ते मलाही नीट सांगता येत नाही. तेव्हा या आगाऊपणाबद्दल आधीच माफी मागतो.

ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये आम्ही पाच मराठी मुलं एका घरात राहायचो. त्या काळात प्रत्येक विमानातून आमच्यासारखे विद्यार्थी उतरत होते. बाकीचे चौघे आयटी नाहीतर अकाउंटिंगला. मी ट्रेनने युनीला, म्हणजे युनिव्हर्सिटीला, जाऊन खडी निवडायचो. दक्षिण आफ्रिकेतल्या एका गुहेतली चाळलेली खडी आमच्या लॅबमध्ये तपासायला आणली होती. तांदूळ निवडतात तशी ती ताटात पसरायची आणि चिमट्याने हाडं, दात वेगळे काढून, ओळखून, सहीची चिठ्ठी जोडून त्या त्या प्राण्याच्या पेटीत ठेवायचे. निघायचे ते बहुतेक माकडांचे, हरणांचे, डुकरांचे. माणसाच्या पूर्वजाचा तुकडा आमच्यापैकी कुणालाच अजून मिळाला नव्हता.

"काय रे, पणजोबा सापडले का?" घरात पाऊल टाकलं की रूममेट विचारायचा.

"नाही अजून."

"सापडले की त्यांनाच विचार, इथे कायम राहायला पीआर कसा मिळवायचा."

वडील वायरमन होते. ते फोनवर म्हणायचे, "हाडं बघायला एवढ्या लांब गेलास? विहारामागच्या चिंचेवर काय कमी माकडं आहेत?" पण पोरगा आफ्रिकेला जाणार, हे त्यांनी अख्ख्या वस्तीत सांगून टाकलं होतं. लॅबमधून एकालाच पुढच्या उत्खननाला नेणार होते. जो जाईल, त्याला तिथूनच पीएचडीचा विषय मिळणार होता.

लॅबमध्ये लाल झाकणाचा एक डबा असे. ज्या तुकड्याबद्दल शंका येईल, तो आपल्या नावाची चिठ्ठी जोडून त्यात टाकायचा. शुक्रवारी प्रोफेसरबाई सगळ्यांसमोर डबा उघडायच्या. पहिल्याच महिन्यात मी एक दाढ टाकली. ती डुकराची निघाली. डुकराची झिजलेली दाढ माणसाच्या दाढेसारखी दिसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सगळे हसले, बाईसुद्धा. शेजारी बसणारी ऑस्ट्रेलियन मुलगी म्हणाली, "नो वरीज, मेट! मी तर एकदा नुसता खडा टाकला होता." ती धीर देत होती, पण माझ्या कानात ते हसणंच राहिलं. त्यानंतर मी डब्याला हात लावला नाही.

काही महिन्यांनी एका आर्वोला, इथल्या भाषेत दुपारी, माझ्या ताटात अर्धी तुटलेली दाढ आली. उंचवटे बुटके आणि गोलसर, वरचं कवच जाड. मी ती भिंगाखाली तीनदा फिरवून पाहिली. ही डुकराची नाही, असं मला वाटलं. लाल डबा हाताच्या अंतरावर होता. मग वाटलं, पुन्हा डुकराचीच निघाली तर? निवड जवळ आली होती. मी ती दाढ डुकरांच्या पेटीत ठेवली, चिठ्ठीवर सही केली आणि पुढचं ताट ओढलं.

निवडीच्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. "तुझं काम सगळ्यांत नीटनेटकं आहे," त्या म्हणाल्या. "पण वर्षभरात डब्यात तुझी एकच चिठ्ठी. तुला शंका येत नाहीत?"

येतात, असं म्हणायला हवं होतं. डुकरांच्या पेटीचं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही, मॅम. मी नीट काळजी घेतो."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या मुलीला निवडलं. तिच्या ढीगभर चिठ्ठ्या होत्या, आणि त्यातली एकही बरोबर निघाली नव्हती.

"पुढच्या वर्षी जाशील," वडील म्हणाले. पुढच्या वर्षी मास्टर्स संपलं आणि लॅबही सुटली. आता मी सिडनीत केलीव्हिलला राहतो आणि एका गोदामात खोक्यांवरची लेबलं तपासतो. त्या कामात शंका येत नाही. वडील वारले. शेवटपर्यंत ते लोकांना सांगत होते, पोरगा जायचाय अजून.

परवा जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या त्या ऑस्ट्रेलियन मुलीचा मेसेज आला, किती तरी वर्षांनी. खडी आणि पेट्या आफ्रिकेला परत गेल्या होत्या. तिथल्या एका विद्यार्थिनीने त्या पुन्हा उघडल्या. डुकरांच्या पेटीत तिला अर्धी दाढ मिळाली, ती माणसाच्या पूर्वजाची ठरली आहे, आणि सोबतच्या चिठ्ठीवर सही माझी आहे.