अप्पांचा गुडघा, गाडीचा क्लच आणि गारगोटीतले तीन तास

सावंतवाडीला आत्याकडं जायचं निघालं, तेव्हा आतला बेत वेगळाच होता. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या हातून गाडीची किल्ली काढून घ्यायची. तोंडावर सांगायची हिंमत भावात नाही, माझ्यातही नाही. म्हणून फोनवर ठरलं की जाता-येता मी चालवायचं आणि परतल्यावर किल्ली माझ्याच पर्समध्ये राहू द्यायची. अप्पांच्या डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगीही दिली. पण महिनाभर अप्पांचं एकच, "क्लच मऊ लागतोय, गिअर अडकतोय." आणि आमचंही एकच, "अप्पा, क्लच नाही, गुडघा."

आदल्या दिवशी ब्रेकचा लाल दिवा लागला. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गॅरेजात ऑइल कुठं गळतंय का म्हणून चारी चाकं उघडून बघितली. ठणठणीत कोरडी. मिस्त्रीनं बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल भरलं नि म्हणाला, "बिनधास्त जावा."

सकाळी सातला कळंब्यातल्या घरून निघालो. निघताना ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट तेलकट दिसलं. अप्पा दर रविवारी आपल्या कोल्हापुरी चपलांना तेल पाजतात, त्याचंच हे असणार. मॅट पुसून काढलं नि अप्पांना चार शब्द सुनावले.

तुम्ही जाणार असाल तर हाच रस्ता धरा: गारगोटी, उत्तूर, आजरा, मग आंबोली घाट. उसाच्या ट्रॉल्या सुरू असतील तर अर्धा तास जादा ठेवा. आम्ही मजेत होतो. गारगोटीच्या अलीकडं एका वळणावर पुन्हा तोच लाल दिवा. पुढं घाट आणि शेजारी अप्पा.

बाजाराच्या तोंडालाच एक गॅरेज मिळालं. तिथल्या मिस्त्रींना मी सांगितलं, "चाकं कालच बघितलीत, कोरडी आहेत."

"मग ऑइल काय वाऱ्यावर जातंय व्हय?" असं म्हणत ते गाडीखाली न जाता थेट पेडलपाशी वाकले. "मॅट कशानं वलं झालंय?"

"अप्पांच्या चपलांचं तेल. सकाळीच तर पुसलं होतं."

"गाडी कुणी चालवत आणली?"

"मी."

त्यांनी माझ्या पायातल्या बुटांकडं बघितलं, मग पलीकडं बसलेल्या अप्पांच्या चपलांकडं. मॅटवर बोट फिरवून त्यावर बाटलीतलं पाणी सोडलं. बोट लख्ख. "चपलंचं तेल असं नुसत्या पाण्यानं जातंय का, ताई? ह्ये ब्रेक ऑइल हाय. क्लच नि ब्रेक एकाच डबीतनं पितात. क्लचचा सिलिंडर आतल्या अंगाला गळतोय." मग अप्पांकडं वळले. "पावणं, क्लच मऊ लागत न्हवता?"

"लागत हुता की," अप्पा म्हणाले. बस, एवढंच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्यात माझी गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळं क्लचमधलं मला काय कळतंय? तरी महिनाभर अक्कल मीच शिकवत होते, आणि गळतीचा पुरावाही सकाळी मीच फडक्यानं पुसला होता.

सिलिंडर कोल्हापुरातनं एसटीनं मागवला. तोवर कटवडा नि दोन चहा. मजुरीसकट तीन हजारांच्या आत भागलं. लाल दिवा लागला आणि चाकं कोरडी असली, तर पेडलपाशी हात घालून बघा, एवढं माझं ऐका.

निघताना किल्ली मी अप्पांच्या हातात ठेवली. त्यांनी तीन-चारदा क्लच दाबून बघितला, आणि मग आंबोली घाट असा उतरवला की मला चक्क डुलकी लागली. सावंतवाडीत आत्याकडं दोन दिवस मासे नि घावणे हाणले. परतीचा घाटही त्यांनीच चढवला.

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. भावाचा फोन, "किल्ली घेतलीस का?"

"घेतली होती. परत दिली," मी म्हटलं.

अप्पा पायरीवर चपलांना तेल लावत बसले होते. मी शेजारी टेकले. "चुकलं माझं, अप्पा."

"तुझं काय घेऊन बसलीस," ते चपलेवरची नजर न काढता म्हणाले. "ऐकून ऐकून मलाबी गुडघाच वाटाय लागला हुता. म्हणून तर म्हैनाभर दिवसातनं दोनदा गुडघ्याचा व्यायाम करत हुतो."