कानसेन आणि न फिरणारा पंखा

गॅरेजांच्या त्या लांबलचक ओळीत त्याला सगळे कानसेन म्हणत. काम त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं, पण हत्याराला हात लावण्याआधी तो कान लावायचा. बॉनेट उघडायचं, गाडीवाल्याला चावी फिरवायला सांगायची आणि आपण डोळे मिटून उभं राहायचं. नवख्या गिऱ्हाइकाला वाटे, मिस्त्री उभ्या उभ्या झोपला. जरा वेळाने डोळे उघडून तो म्हणे, "अल्टरनेटरचं बेअरिंग बोलायला लागलंय," आणि खोलून बघितलं की तेच निघे.

शेड मूळची त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा. तो गेल्यावर वहिनी शिवणाच्या मशीनवर बसली आणि बघता बघता भावापेक्षा सफाईदार शिवू लागली. शेडच्या एका अंगाला तिचे रेक्झिनचे गठ्ठे, दुसऱ्या अंगाला याच्या वायरी आणि बॅटऱ्या, आणि मध्ये खांद्याएवढं प्लायवूडचं आडोशाचं फळकुट. त्यावरून दोघं दिवसभर बोलत.

अलीकडे बोलणं कमी झालं होतं. ते का कमी झालं, याचा त्याने फारसा विचार केला नव्हता. त्याला एवढंच जाणवे की जग हळूहळू निवत चाललंय. शेजारी पत्र्याचे पोचे काढणाऱ्या डेंटरचा हातोडा पूर्वी डोक्यात घण घातल्यासारखा वाजायचा, तो आता कुठेतरी टेकडीपलीकडे वाजल्यासारखा यायचा. वहिनीचं मशीन तर कापसात शिवावं तसं चालायचं. तिने तेलपाणी केलं असणार, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. दुपारी तो एका मोडक्या गाडीच्या काढून ठेवलेल्या सीटवर आडवा व्हायचा. छपरातल्या हिरवट पत्र्यातून ऊन खाली झिरपायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि आपण एखाद्या तळ्याच्या बुडाशी निवांत पडलोय असं त्याला वाटायचं. वर कुणीतरी बोलतंय, बोलू दे. मान डोलावली की भागतं.

वहिनीला वाटे, भावोजींना हल्ली तंद्री फार लागते.

अशाच एका सकाळी जनावरांची डॉक्टरीण आपली जुनी गाडी घेऊन आली. गुरांच्या, कुत्र्यामांजरांच्या मागे गावोगाव फिरणारी बाई, बुटांना कायम चिखल. ती म्हणाली, "मिस्त्री, गाडी पळते तोवर थंड असते. कुठे थांबले आणि इंजिन चालू ठेवलं, की काटा वर वर जातो. काल तर वाफ निघाली."

"पळताना वारा लागतो ना," तो म्हणाला. "थांबल्यावर वारा पंख्याने घालायचा असतो. पंखा फिरतो का बघितलंत?"

"बघितलं. ढिम्म हलत नाही."

ती गाडी ठेवून निघून गेली आणि कानसेन कामाला लागला. आधी फ्यूज काढून उजेडात धरला, चांगला होता. मग रेडिएटरमागच्या पंख्याचा प्लग सोडवला आणि बॅटरीपासून दोन वायरी आणून थेट पंख्याला लावल्या. पंखा झकास फिरला. म्हणजे मोटर ठणठणीत.

आता राहिला रिले. ही एक काळी, चिमुकली डबी. इंजिन तापलं किंवा एसी लावला की तिला हुकूम येतो, ती आतल्या आत टिक करते आणि पंख्याला करंट सोडते. टिक झाली तर हुकूम पोचतोय. नाही झाली, तर हुकूमच येत नाहीये. लोक इथे टेस्टिंग लॅम्प लावतात. कानसेनाने उभ्या आयुष्यात या टिकसाठी लॅम्प लावला नव्हता. त्याने चावी फिरवली, एसीचं बटण दाबलं, खिडकीतून हात आत ठेवूनच बॉनेटकडे कान केला आणि डोळे मिटले.

काही नाही. पुन्हा दाबलं. नुसती शांतता.

मग तो हुकूम कुठे अडतो ते शोधत बसला. रेडिएटरच्या बुडाशी असलेला तापमानाचा स्विच बदलला. एसीकडून येणारी वायर बोटांनी चाचपत डॅशबोर्डच्या पोटात शिरला, आडवा पडून, पाय बाहेर. वायर जिथे तिथे धड होती. संध्याकाळी डॉक्टरीण आली, तिला त्याने उद्याचा वायदा केला. उद्या उजाडला तरी गाडी होती तिथेच. आता त्याने रिलेही नवा घातला. तीच शांतता.

दुपारी तो सीटवर आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. स्वप्नात तो त्या लाल वायरीच्या आतून चालत होता. आत लांबच लांब बोळ होता, भिंती उबदार, पायाखाली तांब्याचा मऊ उजेड. बोळाच्या टोकाला एक दार होतं आणि दारापलीकडे कुणीतरी होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो दार वाजवत होता. पलीकडचा माणूसही आतून वाजवत असावा, कारण दार हाताला थरथरत होतं. पण आवाज मात्र ना याच्या ठोक्याचा, ना त्याच्या.

जाग आली तेव्हा अंग जड झालं होतं. तो तसाच उठून गाडीपाशी गेला आणि खुळ्यासारखा एसीचं बटण दाबत राहिला. चालू, बंद, चालू, बंद.

वहिनी चहाचे दोन कप घेऊन फळकुटाला वळसा घालून आली. एक कप तिने गाडीच्या टपावर ठेवला, त्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, ती टिकटिक अजून किती वेळ चालवणार? कालपासून ऐकतेय. डोकं उठलं माझं."

त्याचा हात बटणावर तसाच राहिला.

"कसली टिकटिक?"

"ही काय, तुम्ही करताय ती."

त्याने बटण दाबलं. "आता झाली?"

"झाली."

बंद केलं. "आता?"

"आता पण झाली. असं काय करताय?"

तो तिच्या ओठांकडे बघत होता. आपण कितीतरी दिवस लोकांच्या ओठांकडेच बघत आलोय, हे त्याला त्या क्षणी कळलं. वहिनीलाही काहीतरी उमगलं असावं. ती गाडीला वळसा घालून त्याच्या पाठीमागे गेली. तो वाट बघत राहिला. मग ती परत समोर आली, आणि तिचा चेहरा बदललेला होता.

"मी आत्ता तुम्हाला हाक मारली," ती म्हणाली. "दोनदा."

त्याने विचारलं, "वहिनी, तुम्ही मशीनला तेल घातलंत ना? हल्ली आवाज करत नाही ते."

"मशीन माझं नुसतं खडखडतंय. डेंटर परवा तक्रार करून गेला. हातोडा आपटणारा माणूस तो, आणि त्याला माझ्या मशीनचा त्रास."

यावर दोघांनाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. त्याने चहा घेतला. चहा निवला होता. त्याने रिलेवर बोटाचं टोक ठेवलं आणि वहिनीला बटण दाबायला सांगितलं. बोटाखाली टिचकी बसली, मनगटात नाडी उडते तशी. हुकूम कालपासून येतच होता. पोचत नव्हता तो याच्यापर्यंत.

मग त्याने टेस्टिंग लॅम्प काढला. त्याचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला आणि टोक पंख्याच्या प्लगमध्ये घातलं. लॅम्प लागला. म्हणजे करंट पंख्यापर्यंत येतोय. आता तोच लॅम्प त्याने प्लगच्याच दोन्ही पिनांना लावला, आणि लॅम्प विझलेला राहिला.

"करंट जातोय, पण त्याला परतीची वाट नाही," तो वहिनीला म्हणाला. "काल मी पंखा थेट चालवला तेव्हा दोन्ही वायरी बॅटरीच्या दिल्या. परतीची वाट मीच करून दिली, म्हणून तो फिरला, आणि मी फसलो."

करंट परत नेणारी अर्थिंगची काळी वायर हेडलाइटच्या मागे बॉडीला बोल्टने आवळलेली होती. बोल्ट सोडवला तर खाली हिरवट-पांढरा गंज साचलेला. त्याने पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईतो घासला, वायरीचं टोक घासलं, बोल्ट आवळला. वहिनीने बटण दाबलं. पंखा फिरला. जमिनीवरचे रेक्झिनचे कपटे आणि दोऱ्याचे तुकडे उडून शेडभर तरंगायला लागले, आणि हिरवट उन्हात ती दोघं जरा वेळ नुसती बघत उभी राहिली.

डॉक्टरीण आल्यावर गाडी जागच्या जागी चालू ठेवली. काटा मध्यावर आला, पंखा लागला, काटा खाली सरकला. ती खूश झाली. दोन दिवस का लागले हे तिने विचारलं नव्हतं, पण वहिनीने सांगून टाकलं. कानसेन दुसरीकडे बघू लागला.

"माझे पेशंट ऐकू येत नाही म्हणून सांगत नाहीत," डॉक्टरीण त्याच्यासमोर येऊन म्हणाली. "मी मागून चुटकी वाजवते आणि कान हलतो का बघते. तुमचा हलतो का?"

"लहानपणी हलायचा," तो म्हणाला.

"मग माणसांच्या डॉक्टरकडे जा. लवकर जा."

ती गेल्यावर त्याने वहिनीला सांगितलं, ओळीत कुणाजवळ बोलू नका. कानसेन बहिरा झाला म्हटल्यावर लोक किती दिवस हसतील. वहिनी म्हणाली, "मी कशाला बोलू? पण तुम्ही गेला नाहीत, तर डेंटरला सांगेन. मग बघा."

तो गेला. वहिनी सोबत होती. कानाच्या डॉक्टरकडे एक काचेची खोली होती, भिंतींना आतून मऊ गाद्या लावलेल्या. त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. काचेपलीकडची मुलगी खुणेने सांगत होती, आवाज आला की दाबा. दार लागलं आणि तळ्याचं बूड पुन्हा आलं, या वेळी इतकं खोल की श्वाससुद्धा ऐकू येईना. त्याने सवयीने डोळे मिटले. कुठूनतरी एक बारीक सूर आला, त्याने दाबलं. मग दुसरा, आणखी लांबचा. मग बराच वेळ काही नाही. आणि मग अगदी स्पष्ट, अगदी जवळ, एक शीळ. त्याने दाबलं. शीळ चालूच होती, तो दाबत राहिला.

दार उघडलं. मुलगी हसत म्हणाली, "काका, शेवटी मी आवाज दिलाच नव्हता. तुम्ही दाबत होतात."

"मला येत होता," तो म्हणाला.

डावा कान जास्त गेलाय, कानात घालायचं यंत्र लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. अजून पुष्कळ ऐकू येईल, घाबरण्यासारखं काही नाही. दोघं बाहेर पडली. रस्त्याच्या कडेने चालताना वहिनी आपसूक त्याच्या बऱ्या कानाच्या बाजूला झाली आणि तिने विचारलं, "आत काय ऐकू येत होतं तुम्हाला?"

"दादाची शीळ."

तिने चालायचा वेग कमी केला. मग म्हणाली, "कुठली? टाके घालताना वाजवायचे ती, की घरी येताना?"

"घरी येताना."

"वाजवा बघू."

भर रस्त्यात त्याला अवघडल्यासारखं झालं, पण त्याने ओठ जुळवले आणि वाजवली. वहिनीने मान हलवली.

"शेवटी वर जायची," ती म्हणाली, आणि स्वतः वाजवून दाखवू लागली.