फिटिंगच्या वेळी गैरहजर

टाचणीच्या घरात मोबाइल घेऊन आत जाता येत नसे. दाराशी स्टुलावर एक वेताची टोपली होती. येणारी बाई डॉक्टरीण असो की भाजीवाली, फोन आधी टोपलीत आणि मग पाऊल आत. कुणी कुरकुर केली तर टाचणी म्हणे, "माझ्या घरात फोटो एकाच वेळी काढायचा, कपडा तयार झाल्यावर. तोही तुमच्या घरी जाऊन."

टाचणी हे नाव तिला गिऱ्हाइकांनी दिलं होतं. ओठांत चार टाचण्या धरून ती तासन्‌तास बोलू शकायची, आणि बोलणंही त्याच जातीचं होतं. बायकांचे कपडे शिवण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. दुकान असं नव्हतंच. घराची पुढची खोली, तिच्यात खिडकीशी कापायचं मोठं टेबल, एका भिंतीला दोन मशिनं आणि आतल्या कोपऱ्यात माणसाएवढा आरसा. नवरा मालाची गाडी चालवायचा, आठ-दहा दिवसांनी घरी यायचा, आणि स्वतःच्याच घराचं दार वाजवून "आहे का कुणी?" असं विचारून मगच आत यायचा. एकदा मीटर बघायला आलेला माणूस न विचारता सरळ खोलीत शिरला होता. टाचणीने त्याला असा काही सोलून काढला, की त्यानंतर तो रस्त्यावरूनच ओरडून आकडा विचारू लागला.

तिचं म्हणणं साधं होतं. बाई आरशासमोर उभी राहून कपडे उतरवते तेव्हा तिची लाज शिंपिणीकडे ठेवीला असते. कुणाचं पोट सुटलंय, कुणाच्या पाठीवर भाजल्याचा डाग आहे, कुणाच्या दंडावर बोटांचे वळ उठलेत, हे सगळं तिला ठाऊक असायचं आणि तिच्यापाशीच राहायचं. माप घेताना ती पोटच्या पोरीलाही खोलीबाहेर काढायची.

या गिऱ्हाइकांत पोस्टातल्या बाई होत्या. पोस्टाच्या खिडकीवर बसायच्या, चार शब्दांचं काम असेल तर तीनच बोलायच्या. पंधरा वर्षं त्यांचे कपडे टाचणीच शिवत होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं आणि एका बाजूचा स्तन काढावा लागला. पोस्टात त्यांनी पित्ताच्या खड्यांचं कारण सांगून रजा घेतली होती. खरं काय ते डॉक्टरांना माहीत, त्यांच्या बहिणीला माहीत आणि टाचणीला. टाचणीने त्यांच्या प्रत्येक कपड्याला आतून एक कप्पा शिवला. आधी नुसता कापूस भरला, पण खांदा एका बाजूला झुकायचा. मग फोम घालून बघितला. शेवटी पडद्यांच्या काठात घालतात ती बारकी वजनं कापसात गुंडाळून बसवली, तेव्हा कुठे खांदे सरळ झाले. बाईंनी आरशात पाहिलं आणि पुन्हा पुन्हा पाहिलं. दर दोन-तीन आठवड्यांनी अस्तर बदलायला किंवा वजन कमी-जास्त करायला त्या यायच्या.

टाचणीची लेक सातवीत होती. मशिनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी सतत गरगर फिरायची म्हणून आई तिला बॉबिन म्हणायची. त्या वर्षी शाळेने सातवीच्या सगळ्या मुलांना लॅपटॉप वापरायला दिले. सोबत सहा पानांचा अर्ज होता. चार ते सात गृहअभ्यासाचे तास. त्या वेळेत लॅपटॉप चालू आणि उघडा ठेवायचा, हजेरी आपोआप लागेल, झाकण मिटलं तर गैरहजेरी. टाचणीने सही केली. तिच्या हिशेबी शाळा म्हणजे शाळा, तिथे आणखी काय वाचायचं?

लॅपटॉप कापायच्या टेबलावरच आला, कारण घरात दुसरं टेबल नव्हतं. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकायचा म्हणून टाचणीनेच तो फिरवून, पाठ खिडकीकडे करून ठेवला. चार ते सात हीच तिची फिटिंगची वेळ. नोकरीवाल्या बायका तेव्हाच मोकळ्या व्हायच्या. बाई आली, की टाचणी लेकीला म्हणायची, "जा, स्वयंपाकघरात बसून पाढे म्हण." बॉबिन लॅपटॉप मिटायला जायची, तर आई ओरडायची, "अगं, मिटू नकोस, हजेरी जाईल."

सहा आठवड्यांनी शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. संगणकाचे सर बाजूला उभे होते.

"ताई, मुलगी हुशार आहे, त्याबद्दल वादच नाही. पण गृहअभ्यासाच्या वेळेत ती एकतीस वेळा जागेवर नव्हती."

"जागेवर म्हणजे कुठे?"

"लॅपटॉपसमोर."

"तुम्हाला हो कसं कळलं?"

मुख्याध्यापक कौतुकाने हसले. "यंत्रणा आहे ना. दर दहा मिनिटांनी फोटो निघतो. मूल दिसलं नाही की फोटो आपोआप बाजूला पडतो. आम्ही काही सगळे बघत बसत नाही, तेवढेच बघतो."

असं म्हणून त्यांनी पुरावा म्हणून पडदा तिच्याकडे वळवला. पहिल्या फोटोत रिकामी खुर्ची. दुसऱ्यात रिकामी खुर्ची. तिसऱ्यात रिकामी खुर्ची आणि तिच्यामागे औषधवाल्यांची सून, दोन्ही हात वर, ड्रेस डोक्यातून अर्धा निघालेला. मागच्या आरशामुळे ती पुढून दिसत होती आणि पाठीमागूनही. चौथ्यात पोस्टातल्या बाई होत्या. कमरेपर्यंत.

"आणि हे पाहा," मुख्याध्यापक सांगत होते, "खोलीत सारखी वर्दळ. अशा वातावरणात अभ्यास कसा व्हायचा?" त्यांची पेन्सिल रिकाम्या खुर्चीवर टेकली होती.

टाचणीने पिशवीतून अस्तराचा तुकडा काढला आणि पडद्यावर टाकला.

"बंद करा ते."

"ताई, शांतपणे घ्या. तुम्ही संमती दिलीय. चौथं पान, कलम नऊ, आवश्यक ती तांत्रिक देखरेख."

"मी सही केली ती लॅपटॉपच्या देखरेखीसाठी. आणि माझं सोडा. या बायांनी कुठल्या पानावर सही केली होती?"

संगणकाच्या सरांनी मान खाली घातली. मुख्याध्यापक म्हणाले, "मुद्दा रास्त आहे. आजच सगळं डिलीट करतो. बाहेर कुणाला कळणार नाही. तुमचाही व्यवसाय आहे, उगाच चर्चा कशाला? मुलीच्या गैरहजेऱ्याही आम्ही काढून टाकू."

चोर तो चोर, वर शिरजोर. एकतीस वेळा पोर खोलीत नव्हती, ती आईने दुसऱ्याची अब्रू राखायला तिला बाहेर काढलं म्हणून. नेमके तेच एकतीस फोटो शाळेने वेगळे काढून बघितले होते. आणि आता वर उपकार म्हणून हजेरी देऊ करत होते.

घरी बॉबिन रडवेली झाली. "आई, लॅपटॉपवर बारीक हिरवा दिवा लागायचा मधूनच. मला वाटलं चार्जिंगचा असेल."

"तुझं काही चुकलं नाही. मी तुला बाहेर काढलं आणि त्याला आत ठेवलं. ती चूक माझी."

वरच्या मजल्यावरच्या जाऊबाई खाली आल्या होत्या. भिंतींना कान असतात, त्या घरात जिन्यालाही होते. "हे बघ, मुख्याध्यापक म्हणतायत ना डिलीट करतो? मग बस गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू सांगत सुटलीस तर उद्या तुझ्या दारात कुत्रंसुद्धा मापाला येणार नाही."

"मूठ माझी असती तर झाकली असती, जाऊबाई. मूठ त्या बायांची आहे."

मापांच्या वहीत प्रत्येक खेपेची तारीख असायची. सहा आठवड्यांत अकरा बायका येऊन गेल्या होत्या. टाचणी दोन दिवसांत दहा जणींच्या घरी गेली. एकीला हसूच आलं, "माझ्यात बघण्यासारखं काय उरलंय गं?" पण हसता हसता तिने पदर सावरावा तसा हात गळ्याशी नेला. औषधवाल्यांच्या सुनेने तोंडावर दार लावून घेतलं. नर्सबाई म्हणाल्या, "दारात टोपली ठेवून आमचे फोन काढून घेत होतीस ना?" टाचणी "हो" म्हणाली आणि पुढच्या घरी गेली. चौघींनी शिवायला टाकलेली कापडं परत नेली.

पोस्टातल्या बाईंकडे ती सगळ्यांत शेवटी गेली. रविवारची सकाळ होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"किती फोटो?"

"मी एक पाहिला. पण त्या दिवसांत तुम्ही तीनदा आला होता."

"अंगावर काय होतं?"

"अस्तर बदलत होते मी."

बाईंनी उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "कुणी कुणी पाहिला?"

"विचारलं नाही, बाई. मला सुचलंच नाही."

"विचार."

सोमवारी टाचणी पुन्हा शाळेत उभी. फोटो कुणी कुणी उघडले त्यांची नावं लेखी द्या, एवढंच तिचं मागणं. मुख्याध्यापक म्हणाले, "कर्मचाऱ्यांची नावं अशी देता येत नाहीत. ती माहिती गोपनीय असते."

टाचणीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "गोपनीय? नावं गोपनीय, आणि बायांची उघडी अंगं काय, सूचना फलकावर लावायची?"

"ताई, आवाज."

"आवाज तेवढा तुमच्या यंत्रणेत येत नाही वाटतं."

ती बाहेर आली आणि कार्यालयासमोरच्या बाकावर बसली. पिशवीतून काम काढलं आणि हातशिलाई सुरू केली. रोज शाळा भरताना यायचं, सुटताना उठायचं. पोरांना सोडायला आलेले आईबाप विचारायचे, "काय ताई, इथे कशा?" टाचणी टाका न थांबवता सांगायची. दर दहा मिनिटांनी फोटो, लॅपटॉप कुठे ठेवलाय तुमच्या पोरीचा? बाप म्हणायचा, तिच्या खोलीत, पलंगासमोर. आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरायचा. पोरगी शाळेतून येऊन कपडे बदलते कुठे, हे त्याला सांगावं लागायचं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोस्टातल्या बाई टाचणीच्या घरी आल्या. एक कपडा अर्धवट राहिला होता. लॅपटॉप केव्हाच मिटून, कापडात बांधून कपाटावर गेला होता. तरी बाई उंबऱ्याशी थांबल्या. त्यांनी टेबल पाहिलं, मशिनं पाहिली, फळीवरचे दोऱ्यांचे डबे एकेक करून पाहिले. पंधरा वर्षांत त्यांनी ही खोली अशी कधी पाहिली नव्हती. यायच्या, डोळे मिटून हात वर करायच्या.

"माप वरूनच घे," त्या म्हणाल्या.

टाचणीने अंगातल्या कपड्यांवरून टेप फिरवला. असं माप अर्धा इंच इकडेतिकडे होतं, कप्पा जागेवर बसत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

चौथ्या दिवशी शाळा चालवणाऱ्या संस्थेचे एक सदस्य बाकाशी आले. इस्त्रीचा कोट, मवाळ आवाज. "बाई, तुमचं नेमकं नुकसान काय झालं ते तरी सांगा. भरपाईचं बघू."

टाचणीने दात लावून दोरा तोडला. "माझ्यासमोर निर्धास्त उभी राहणारी बाई काल कपड्यावरून माप द्यायला लागली. आणा भरपाई. कुठून आणता ते मला बघायचंय."

ते गृहस्थ तिच्यामागे बघत होते. फाटकाशी तीस-चाळीस आईबाप उभे होते. ओरडत कुणीच नव्हतं, पण प्रत्येकाच्या काखेत शाळेचा लॅपटॉप होता, परत करायला आणलेला.

त्याच दुपारी टाचणीला एक कागद मिळाला. शाळेचा शिक्का, मुख्याध्यापकांची सही आणि सहा नावं. मुख्याध्यापक स्वतः, संगणकाचे सर, एक लिपिक, संस्थेचा एक सदस्य, आणि यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीची दोन माणसं, दुसऱ्याच शहरातली. ज्यांनी या गावाचा रस्तासुद्धा पाहिला नव्हता त्यांनी पोस्टातल्या बाईंना पाहिलं होतं. सदस्याचं नाव वाचून टाचणीने मान वर केली, तर कोट कॉरिडॉरमधून निघून गेला होता.

ती तशीच पोस्टात गेली. रांगेत चौघे होते, पाचवी ही. नंबर आला तोवर मागे आणखी माणसं लागली होती. तिने कागद काचेखालून आत सरकवला. बाईंनी तो वाचला. मग खणातून सहा लिफाफे काढले. पत्रं आधीच लिहून ठेवलेली होती, फक्त नावाची जागा कोरी होती. अमुक तारखेला आपण माझा फोटो माझ्या परवानगीशिवाय पाहिलात. तो आणखी कुणाला दाखवलात, त्याची प्रत कुठे आहे, पंधरा दिवसांत लेखी कळवावे. या पत्राची प्रत पोलिसांकडे देत आहे. खाली बाईंचं पूर्ण नाव आणि पत्ता.

शेजारच्या खिडकीवरच्या पोराने मान वळवली. "काय बाई, स्वतःचीच रजिस्टर्ड पत्रं? तीही पोचपावतीची?"

"हो. घेताना त्यांना स्वतःच्या हाताने सही करावी लागेल."

"एवढं काय झालंय?"

बाईंनी पहिल्या लिफाफ्यावर नाव लिहिलं, शाई टिपली आणि मग बोलल्या. आवाज नेहमीचाच होता, पण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "दोन वर्षांपूर्वी माझा एक स्तन काढलाय. ते कुणाला सांगायचं आणि कधी सांगायचं, हे मी ठरवणार होते. या सहा जणांनी मला न विचारता ठरवलं. म्हणून आता मी सांगतेय."

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली. बाईंनी एकेक लिफाफा वजनकाट्यावर ठेवला, तिकिटं लावली, आणि सहा वेळा शिक्का मारला, इतका जोरात की काउंटरवरची पेनं हलली. सहा पावत्या फाडून त्यांनी टाचणीच्या हातात दिल्या.

"तुझ्या मापाच्या वहीत ठेव," त्या म्हणाल्या, आणि काचेतून तिच्या मागे बघत हाक दिली, "पुढचे या."