तीन ठोकळे आखूड

मी फरशी बसवतो. तीस वर्षं झाली. त्यात गुडघे गेले, पण नजर अजून शाबूत आहे. खोलीत पाऊल टाकलं की फरशी कुठल्या कोपऱ्यात अर्धं सूत उतरली आहे ते मला लेव्हलची बाटली न लावता कळतं. कामावर मला लेव्हलवाले म्हणतात. कुणाकडे चहाला गेलो आणि टेबल डुगडुगत असलं, तर त्याच्या पायाखाली कागदाची घडी सरकवल्याशिवाय मला चहा जात नाही. बायको म्हणते हा गुण नाही, खोड आहे. मी ते आजवर हसण्यावारी नेलं. आता नेत नाही, कारण या खोडीपायी मी माझ्या थोरल्या बहिणीचं सात महिन्यांचं काम एका सकाळीत मातीत घातलं, आणि वर चार लोकांत त्याची फुशारकी मारली.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. घराच्या मागच्या खोलीत राहते. ती आमच्याकडे राहते असं कुणी म्हटलेलं तिला खपत नाही, ती म्हणते तुम्हीच माझ्याकडे राहता. तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात अगदी मागे अल्टरेशनचं टेबल आहे, तिथे ती सत्तावीस वर्षं बसते. पँट आखूड करणं, कंबर आवळणं, बाही उसवून पुन्हा लावणं. तोंडात टाचण्या धरून बोलते, तरी गिऱ्हाइकाला शब्दन् शब्द कळतो. तयार कपडा कुणालाच होत नाही, असं तिचं ठाम मत आहे. तो म्हणे कुठेच नसलेल्या माणसाच्या मापानं शिवलेला असतो.

नऊ वर्षांची असताना ती कुंपणाच्या भिंतीवरून पडली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं, पण आखूड जुळलं. चांगला दोन बोटांचा फरक. डॉक्टरांनी जाड तळव्याचा बूट दिला होता, तो तिनं महिनाभरात कुठेतरी हरवून टाकला आणि कुठे ते आजपर्यंत सांगितलं नाही. डावं पाऊल टाकते, मग उजवीकडे खाली जाते, कंबरेतून एक हेलकावा घेते आणि वर येते. हे वर्णन माझं नाही, बायकोचं आहे. दुकानात गिऱ्हाइकं तिला बसलेलीच बघतात. मध्येच उठली की काही जणांचा आवाज एकदम मऊ होतो, आणि तो मऊ आवाज ताईला शिवीसारखा लागतो. म्हणून गिऱ्हाईक जाईपर्यंत ती पाणी प्यायलासुद्धा उठत नाही.

आमची मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा तिचं कपाट आवरताना प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचं एक खोकं निघालं. एकमेकांत दाबून बसवायचे ते ठोकळे. अंतराळातल्या लढायांच्या गोष्टीत असतं तसं दोन पायांवर चालणारं एक यंत्र त्यातून बनायचं. वर चालकाची केबिन, दोन्ही बाजूंना तोफा, पोटात मोटर आणि बॅटरी. अर्धे ठोकळे हरवलेले. मी ते टाकून देणार होतो, तर ताई म्हणाली, ठेव, बघते. आधी तिनं तोफा काढल्या. हिला कुठे लढाईला जायचंय, म्हणाली. मग शिरस्त्राण घातलेला चालक काढून तिथे दुसरी एक बाहुली बसवली, पांढऱ्या अंबाड्याची. मला वाटलं, वय झालं, चाललाय पोरखेळ.

पोरखेळ नव्हता. ताईनं ठरवलं होतं की हे यंत्र आपल्यासारखं चालवायचं. अगदी आपल्यासारखं, तो हेलकावा घेत, आणि न पडता. ठोकळ्यांच्या यंत्रात बदल करणारे लोक रंग बदलतात, तोफा वाढवतात, पाय लांब करतात. एक पाय मुद्दाम आखूड करून यंत्र उभं ठेवणं म्हणजे खायचं काम नाही. अशी यंत्रं बनवणाऱ्यांच्या ज्या क्लबात ती जायची तिथल्या सेक्रेटरींनीसुद्धा सांगितलं होतं की हे जमणार नाही. शिवाय दुसरी अडचण अशी की स्वतःची चाल ताईनं कधी पाहिलीच नव्हती. कोण पाहतं? मग दुकान बंद झाल्यावर ट्रायल रूमच्या तिहेरी आरशासमोर ती चालायला लागली. पहिल्या दिवशी दोन पावलं टाकून खुर्चीत येऊन बसली म्हणे, आणि तशीच घरी आली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उभी राहिली. मग रोज चालायची, मोजायची आणि खडूनं टेबलावर लिहायची. उजवा पाय तीन ठोकळे आखूड केला. त्या बाजूच्या पाय हलवणाऱ्या चाकातली खीळ एक भोक आत घेतली, म्हणजे पाऊल छोटं पडतं. गुडघा चारदा बदलला. यंत्र उजवीकडे कलंडायचं, तेव्हा पडद्याच्या काठात घालतात ती शिशाची वजनं पोटात डाव्या बाजूला शिवून टाकावीत तशी बसवली. सात महिन्यांनी ते चाललं.

हे सगळं ताई बायकोला सांगायची. मलाही तिनं तीनदा हाक मारली होती, ये, बघून जा. तीनदा मी म्हणालो, नंतर. घरी आलो की माझी पाठ मोडलेली असायची, हे खरं आहे. पण टीव्हीसमोर बसायला ती कधी मोडलेली नसायची, हेही खरं आहे.

ग्रंथालयाच्या हॉलमध्ये रविवारी क्लबचं प्रदर्शन होतं. शुक्रवारी संध्याकाळी ताईच्या दारावरून जाताना मी ते यंत्र पहिल्यांदा चालताना पाहिलं. टेबलावर चाललं होतं. एक पाऊल, मग उजवीकडे खाली, मग धडपडल्यासारखं वर. ताई पाठमोरी बसून बघत होती. मला वाटलं, बिचारीला जमलेलं नाही आणि तिच्या लक्षातही आलेलं नाही. परवा सगळ्यांसमोर ही ते चालवणार आणि लोक हसणार. मनात म्हटलं, भाऊ कशासाठी असतो?

शनिवारी सकाळी ताई दुकानात होती, बायकोही कामावर होती आणि मला सुट्टी होती. खोक्याच्या तळाशी जुनी पुस्तिका होती. तिच्यातल्या चित्रात दोन्ही पाय सारखे. मी तीन ठोकळे शोधून उजव्या पायात घातले. खीळ डावीकडच्यासारखी बाहेरच्या भोकात घेतली. पोट उघडलं तर आत शिसं. म्हटलं, हे काय अडगळीसारखं भरलंय, आणि काढून डब्यात टाकलं. केबिनवर लेव्हलची बाटली ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये. इतका आनंद झाला की काय सांगू. आणि मग मी ते केलं जे ठोकळ्यांचं काम करणारं शेंबडं पोरही करणार नाही. हलणारे भाग तेवढे सोडून मी सगळे सांधे चिकटवून टाकले. पक्क्या, पुन्हा न सुटणाऱ्या गोंदानं. आमच्या धंद्यात चिकटवल्याशिवाय काम पुरं होत नाही. उद्या हॉलमध्ये निखळायला नको, एवढाच विचार. नंतर ते मी खोक्यात जसं होतं तसं ठेवलं. ताईनं संध्याकाळी खोकं उघडलं नाही, नुसतं दोरीनं बांधलं. तिला चकित करायचं म्हणून मी गप्प बसलो, आणि गालातल्या गालात हसत जेवलो.

रविवारी मी तिच्याबरोबर गेलो. खोकं मीच उचललं, आणि तिथे यंत्र काढून टेबलावर ठेवलंही मीच. हॉलमध्ये दहा-बारा टेबलं होती, प्रत्येकावर कुणाची ना कुणाची कारागिरी. सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त मुद्रितशोधक, चष्मा कपाळावर. ते ताईची वाटच बघत होते. चार लोकांना बोलावून आणलं, म्हणाले, यांनी काय केलंय ते बघा, मी जमणार नाही म्हणालो होतो. ताई खुर्चीतून उठली, लोकांसमोर, आणि टेबलाला वळसा घालून पुढे आली. मग तिनं बटण दाबलं.

यंत्र सरळ चाललं. टक, टक, टक, टक. घड्याळासारखं. टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, मी पुढे होऊन ते धरलं आणि कुणी विचारलेलं नसताना छाती काढून म्हणालो, "ताईला पायाचं जमत नव्हतं. मी काल लेव्हल करून दिलं. आता चिकटवलंय, हलायचं नाही."

सेक्रेटरींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मला वाटलं कौतुकानं बघताहेत. तेवढ्यात माझी नजर टेबलावरच्या कार्डावर गेली. ताईचं सुबक अक्षर. दोन पायांचं चालतं यंत्र. फेरफार: उजवा पाय तीन ठोकळे आखूड. चाल माझी.

मी ते दोनदा वाचलं. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं मला अक्षरशः वाटलं, आणि हॉलची फरशी तर एकदम लेव्हलमध्ये, घट्ट, जागची हलली नाही. ताईनं यंत्र माझ्या हातातून घेतलं. उजवा पाय बोटांनी चाचपला, जसा ती कपड्याचा काठ चाचपते. एक ठोकळा ओढून पाहिला, सुटला नाही. सेक्रेटरी कार्डाकडे बोट करून काहीतरी विचारायला लागले, तेव्हा तिनं कार्ड पालथं घातलं.

"कार्ड जुनं आहे," ती म्हणाली. "बदलायचं राहिलं."

म्हणजे मला वाचवलं तिनं. सात महिने पाण्यात गेले होते आणि तिनं आधी मला वाचवलं. एकदोन बायकांनी छान चालतं हो म्हटलं, आणि तोच तो मऊ आवाज लावून तिला खुर्ची दिली. ताई बसली. पुढचे तीन तास ती त्या सरळ चालणाऱ्या यंत्रामागे बसून होती आणि कुणी आलं की बटण दाबत होती. मी पाणी आणून दिलं, ते तिनं प्यायलं नाही. निघून जायची माझी हिंमत नव्हती आणि समोर उभं राहायचीही नव्हती. मी कोपऱ्यातल्या टेबलावरचं कुणाचंतरी आगगाडीचं स्टेशन बघत राहिलो.

रात्री जेवताना हे सगळं बायकोला सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिला वाटलं होतं मला माहीत आहे. अहो, ती चाल बघितल्या बघितल्या कळते, म्हणाली, मी तर पहिल्यांदा बघून हसले होते, ताईसुद्धा हसल्या होत्या. पण हे नंतरचं झालं. त्याआधी हॉलपासून बस स्टॉपपर्यंत मला ताईबरोबर जायचं होतं.

हॉलच्या पायऱ्यांवर मी खोकं खाली ठेवलं आणि म्हणालो, ताई, माफ कर, लोक हसतील म्हणून मी केलं. ती दोरीची गाठ नीट करत होती.

"तुला माझी लाज वाटली म्हणून केलंस, असं मला आधी वाटलं," ती म्हणाली. "तसं असेल तर सांग. ते मला समजेल. आई-बाबांनाही वाटायची."

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो, असं क्षणभर वाटलं. पण आता खोटं कुठे बोलू? मी खरं सांगितलं. म्हणालो, लाज वगैरे नाही गं. मला ती तुझी चाल आहे हे ओळखूच आलं नाही. मला ते नुसतं बिघडलेलं वाटलं.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी घरी जाऊन शांत झोपलो असतो. ती तर विचार करत होती, एखाद्या गिऱ्हाइकानं अंगावरचं माप चुकीचं सांगितल्यावर करते तसा. आम्ही एका घरात वाढलो. छप्पन्न वर्षांची आहे ती आणि मी पन्नासचा.

मला काहीतरी करायचंच होतं. मी म्हणालो, नवीन ठोकळे आणू, तू पुन्हा कर. या वेळी आरसा नको. तू चाल, मी मागून बघतो आणि माप घेऊन सांगतो. माझी नजर पक्की आहे, अर्धं सूत चुकायची नाही.

"नको रे," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी चालायला लागले की तू दुसरीकडे बघतोस. लहानपणापासून."

एवढं बोलून ती पायऱ्या उतरली आणि स्टॉपच्या दिशेनं चालू लागली. मला म्हणायचं होतं, छे, काहीतरीच काय. मी तोंड उघडलंही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचतो आहे.