पदरभर अंतर

पदरमावशी पदर मोजल्याशिवाय फोटो काढत नसे. रोह्याच्या बाजारात घेतलेला तिचा लाल प्लॅस्टिकचा कॅमेरा म्हणजे खेळणंच. जवळून काढलं की सगळं पुसट. म्हणून पदराचं टोक मूर्तीच्या पाटाला लावायचं, पदर ताणून मागे सरायचं आणि तिथून खटका दाबायचा. "पेणचा फोटोवाला हसतो गो, पन डोळं लख्ख येतात," म्हणायची.

जोह्याच्या गणपती कारखान्यात ती डोळ्यांची आखणी करायची, मी शेजारी बसून रंग भरायची. एकेका मूर्तीचे डोळे झाले की ती फोटो काढून ठेवी. आमचा शेठ मात्र गिऱ्हाइकांना सांगायचा, "डोळे मी स्वतः काढतो. बायकांचं काम नाय ते." आम्ही दोघी तिथेच, हातात ब्रश घेऊन! अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एका श्रावणात तिने गिऱ्हाइकांसमोरच म्हटलं, "शेठ, माझं नाव घ्या की." त्याच दिवशी त्याने तिला घरी बसवलं. मीही ब्रश टाकून उठले.

उरलेले डोळे शेठने मग खरंच स्वतः काढले. सगळे गणपती तिरळे. चतुर्थी दोन दिवसांवर आली तेव्हा चिडलेली गिऱ्हाइकं त्याला घेऊन मावशीच्या दारात आली. त्याने हात जोडले. मावशीने कॅमेरा काढला आणि पदराचं टोक मला त्याच्या पायाशी धरायला लावलं.

"बोला, डोळं कोन काढतं?"

शेठ काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं. या डब्यात आवाज येत नाय."

"यशोदाबाई काढतात," तो म्हणाला. इतकी वर्षं 'ए बाई' म्हणणारा माणूस नाव घेऊन वर अहो-जाहो करत होता. तेवढ्यात खटका वाजला.

"चला आता," शेठ म्हणाला.

"मी नाय येत. गनपती हितं आना."

दोन दिवस लोक शेठच्या दारावरून मूर्ती डोक्यावर घेऊन तिच्या पडवीत येत होते. त्याने काढलेले डोळे मी पांढऱ्या रंगाने पुसत होते, ती नवे काढत होती. इतकं गोड काम मी जन्मात केलं नाही.

मरायच्या थोडं आधी शेठचा तो हात जोडलेला फोटो तिने मला दिला. तिच्या दहाव्याला शेठचा मुलगा माझ्याकडे आला. "बाबा आता थकलेत. तेवढा फोटो द्या ना, त्यांना लाज वाटते." मावशीने कदाचित दिलाही असता.

मी त्याला चहा दिला.