एकाच आईचं रक्त

लग्नाला आठ दिवसही झाले नव्हते आणि मी ऊसतोडीच्या ट्रकात बसले होते. पाथर्डीकडच्या आपल्या सासरच्या गावातून टोळी निघालेली, भांडी, गोधड्या, कोंबड्या, आणि त्या पसाऱ्यावर हिरवा चुडा घातलेली मी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून मुकादमाला जोडीच लागते, आणि म्हणून हंगामाच्या तोंडावर आपल्याकडं लग्नं उरकतात. माझी आई निरोप द्यायला ट्रकाजवळ येऊन म्हणाली, "तोंड मिटून ऱ्हा बाई. मानसं चांगली हायेत."

तोंड मिटायला मी फार लवकर शिकले, सोनाली. मी तुझी मोठी जाऊ. तू मला पाहिलेलं नाहीस, कारण तुझ्या लग्नाला मला कुणी बोलावलंच नाही.

फडावर दिवसभर मोळ्या वाहून पुरुषांची अंगं ठणकायची. एक ट्रकवाला कसलंसं इंजेक्शन आणून द्यायचा. आधी कंबर दुखते म्हणून, मग नुसती तलफ म्हणून. माझा नवरा आणि तुझा नवरा, दोघं सख्खे भाऊ, पाचटाच्या झोपडीत, कोपीत बसून एकाच सुईनं घ्यायचे. परक्याची सुई नको, एवढं मात्र पाळायचे, शहाणे! मी एकदा बोलले तर माझा नवरा म्हणाला, "आगं, येकाच आईचं रगत हाय. भावाभावात काय हुतंय?" त्याआधी ट्रकवर क्लीनर असताना त्यानं कुठं काय केलं, कुणाच्या सुया घेतल्या, ते मला फार उशिरा कळलं. गावच्या आशा सेविकेनं दिलेलं निरोधचं पाकीट त्यानं चुलीत टाकलं. म्हणाला, "घरच्या बायकूला कशाला लागतंय ते?"

दोन हंगामांनी तो खंगत खंगत वारला. त्याच्या आजारपणात सरकारी दवाखान्यात त्याच्याबरोबर माझंही रक्त तपासलं आणि माझ्यातही एचआयव्ही निघाला. सासूनं गावात टीबी सांगितला, माझं ताट वेगळं केलं आणि मलाच पांढऱ्या पायाची म्हणाली. तुझ्या नवऱ्याला तपासा म्हटलं तर अंगावर धावून आली. माहेरी गेले, तर भावजयीनं अंथरूण ओसरीवर टाकलं. आई बघत होती, मग आत निघून गेली. तिसऱ्या दिवशी मी शिर्डीची एसटी धरली.

इथं मी एका लॉजवर हाऊसकीपिंगला आहे. चेकआउट झालं की चादरी काढायच्या, बाथरूम घासायचं. गावात मी 'ए, अगं' होते, इथं 'ताई' आहे. रोजची गोळी चुकवत नाही, तब्येत धडधाकट आहे. पण मॅनेजरला माहीत नाही, शेजारणीला माहीत नाही. हसतानासुद्धा मी जपून हसते.

तुझं लग्न ठरल्याचं सासूनंच फोनवर सांगितलं. "धाकट्याची जोडी जमली. तू कुनाला काय बोलू नगं. घरातलं घरात ऱ्हाऊ दे." मी विचारलं, त्याचं रक्त तपासलं का? तिनं फोन ठेवला. जामखेडला तुझ्या वडलांचा नंबर मी मिळवला. चार दिवस तो नंबर काढून बघत होते. फोन केला असता तर त्यांनी आधी हेच विचारलं असतं, तुला कसं माहीत? मी फोन केला नाही. जळो माझी ती भीती!

काल माझ्या मावसबहिणीनं सांगितलं, तुला दिवस गेलेत. ती तुमच्याच टोळीत आहे, हे पत्र तीच तुझ्या हातात देईल. सोनाली, कोयता ठेव आणि दवाखान्यात जा. एचआयव्हीची तपासणी करा म्हणून स्वतःच्या तोंडानं सांग. निघालाच तरी गोळ्या वेळेत सुरू केल्या तर बाळ बहुतेक वाचतं, हे मला डॉक्टरीणबाईंनी समजावलंय. नवऱ्यालाही ने. कुणी अडवलं तर सांग, थोरल्या जावंला ह्यो आजार हाय, तिनं धाडलं.

आणखी एक सांगते, ते मी कुणालाच बोललेले नाही. मी गप्प बसले ती नुसती काम जाईल या भीतीनं नाही. मला वाटायचं, गप्प राहिले तर सासू एखाद्या सणाला तरी मला बोलावील, त्या घरात बसवून जेवू घालील. तेवढ्यासाठी मी तुला त्या घरात जाऊ दिलं. मला माफ करू नकोस. तपासून घे.