शेवाळ न खाणारा मासा

दारव्ह्याच्या आमच्या घरात खिडकीतल्या उन्हाने फिशटँकची काच हिरवीगार झाली, म्हणून मी यवतमाळहून शेवाळ खाणारा सकर मासा आणला. दुकानदाराने बजावलं होतं, वरचं खाणं कमी द्या, भूक लागली तरच तो काच चाटेल. पण हे आईला कोण सांगणार? "घरात आणलेल्या जीवाले उपाशी ठेवतं काय रे?" म्हणत ती रोज, गाईला घास काढावा तशा, कणकेच्या पहिल्या गोळ्या टँकमध्ये टाकते. मासा वीतभर झाला, काच हिरवी ती हिरवीच. डोकं फिरतं नुसतं! काल शेवटी बाह्या सारून मीच काच घासायला लागलो, तर आई मागून खेकसली, "हळू घास ना, तो जेवून राह्यला!"